उरलेली वर्षं मोजून घ्या

मी कवी आहे, वकील नाही. तरीही आज घराच्या कागदपत्रांविषयी बोलणार आहे. कारण एका कागदापायी आमच्या घरातल्या सगळ्यांची झोप उडाली होती.

माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, वाशीला फ्लॅट होता. सिडकोने १९८२ साली तो एका गृहस्थांना दिला होता. त्यांच्याकडून आमच्या दुल्हाभाईंनी १९९६ साली घेतला. त्या वेळी दलाल म्हणाला, "सिडकोची परवानगी, हस्तांतरण शुल्क, कशाला त्या भानगडीत पडता? साधा करार करा, मुखत्यारपत्र घ्या, काम झालं." दुल्हाभाईंनी ऐकलं. पुढे वीस वर्षं लाइटबिल, देखभालीचे पैसे, सगळं त्यांच्याच घरातून गेलं. २०१४ साली ते गेले. २०१६ साली आपाने घर विकायला काढलं. गिऱ्हाईक आलं, सौदा ठरला, आणि त्याच्या बँकेच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, "सिडकोच्या दप्तरी नाव कुणाचं आहे?"

नाव अर्थातच त्या पहिल्या गृहस्थांचं होतं.

त्या दिवशी मला 'भाडेपट्टा' या शब्दाचा अर्थ कळला. आपण म्हणतो, 'घर विकत घेतलं.' पण जमीन भाडेपट्ट्याची असेल तर आपण जमिनीचे मालक होत नाही. ठरावीक वर्षं ती वापरण्याचा हक्क घेतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये भाडेपट्ट्याची व्याख्या आहे, तिचा मथितार्थ हाच. विकणाराही त्याच्याजवळ आहे तेवढंच देऊ शकतो, म्हणजे उरलेली वर्षं.

नवी मुंबईत सिडकोचे मूळ भाडेपट्टे साठ वर्षांचे. साठ वर्षांचा पट्टा १९८२ साली सुरू झाला असेल, तर तो २०४२ साली संपतो. मधे घर तीनदा विकलं गेलं म्हणून घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. गिऱ्हाइकाला कर्ज देताना बँकही ही उरलेली वर्षं पाहते. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नको. पट्टा कोणत्या तारखेपासून, किती वर्षांचा, आणि मुदतवाढीची अट काय, हे आधी विचारा. मुदतवाढीची किंवा जमीन मालकीहक्काची करून देण्याची सरकारी धोरणं वेळोवेळी बदलतात. 'होणारच आहे' या बोलण्यावर पैसे मोजू नका, लेखी आदेश पाहा.

सगळे पट्टे सारखे नसतात, हेही खरं. लवासामध्ये घरं ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली होती. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की इतका दीर्घ पट्टा म्हणजे व्यवहारात विक्रीच, आणि तिथल्या ग्राहकांना रेरा कायद्याचं संरक्षण मिळतं. ९९९ वर्षं आणि उरलेली वीस-पंचवीस वर्षं यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

दुसरा प्रश्न, जमीन कुणाची? सिडको, म्हाडा, महापालिका, जिल्हाधिकारी, कुणीही पट्टा देणारा असू शकतो. सोसायटीच्या जमिनीचा सात-बारा किंवा मिळकत पत्रिका काढून पाहा. त्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं दिसलं तर जमीन अटींवर दिलेली आहे असं समजा, आणि विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, हे तपासा. अशा आणि पट्ट्याच्या सरकारी जमिनी रक्कम भरून वर्ग १ करण्यासाठी राज्य सरकारने २०१९ साली नियम केले. ते रूपांतर झालं असेल तर त्याचा आदेश मागा.

तिसरी गोष्ट, मूळ पट्टा स्वतः वाचा. कायदा सांगतो की करारात विरुद्ध अट नसेल तर पट्टेदार आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकतो. पण सरकारी पट्ट्यांत ती विरुद्ध अट बहुधा असतेच, पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरण नाही. अट मोडली तर पट्टा रद्द करून जागा परत घेण्याचा अधिकारही त्यात लिहिलेला असू शकतो. भूभाडं थकलंय का, राहण्याच्या जागेत दुकान थाटलंय का, तेही बघा. मागच्याची थकबाकी शेवटी तुमच्या दारात येते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. सोसायटीचं पत्र मिळालं की लोक निर्धास्त होतात. सोसायटीचं पत्र वेगळं, जमीनमालकाची परवानगी वेगळी. सोसायटी सभासदत्व देते, जमीन देत नाही. जाता जाता सांगतो, २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे सोसायटीला हस्तांतरणाचा प्रीमियम २५ हजार रुपयांहून अधिक घेता येत नाही.

व्यवहाराचा क्रम असा ठेवा. आधी कागद तपासा, मग परवानगी, मग नोंदणी, आणि मोठी रक्कम सगळ्यात शेवटी. विसार दिलाच तर परवानगी नाकारल्यास तो परत मिळेल, असं करारात लिहून घ्या. हस्तांतरण शुल्क कोण भरणार, तेही लिहा. पट्टा हस्तांतरित होतोय म्हणून मुद्रांक शुल्क कमी पडेल, हा गैरसमज आहे. महाराष्ट्रात ते खरेदीखताच्याच दराने, बाजारमूल्यावर लागतं. दस्तावर सह्या झाल्यावर चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला द्या, आणि शेवटी पट्टा देणाऱ्याच्या दप्तरी तुमचं नाव लागल्याचं पत्र हातात घ्या. ते मिळेपर्यंत काम पुरं झालं असं समजू नका.

विकणाऱ्यांनाही सांगतो. घरातला माणूस गेला असेल तर आधी वारसांची नावं लावून घ्या. सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणून तो एकटा मालक होत नाही, हक्क सगळ्या वारसांचा असतो. आमच्याकडे शरियतप्रमाणे आपाचा हिस्सा एक अष्टमांश, बाकी दोन मुलगे आणि एका मुलीचा. चौघांच्या सह्या लागल्या. आणि काही लपवू नका. बँकेचा वकील जे दोन दिवसांत शोधतो, ते गिऱ्हाइकाला आपणच आधी सांगितलेलं बरं.

आता मुखत्यारपत्राविषयी. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं की नुसता करार, मुखत्यारपत्र किंवा मृत्युपत्र यांच्या आधारे स्थावर मालमत्तेची विक्री पुरी होत नाही. शिवाय मुखत्यारपत्र देणारा वारला की सर्वसाधारणपणे ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे आपाचं सगळं भवितव्य आता एका प्रश्नावर आलं होतं. ते पहिले गृहस्थ हयात आहेत का?

मी आणि भाचा त्यांना शोधत साताऱ्याकडच्या एका गावी गेलो. ऐंशीच्या घरातले गृहस्थ ओसरीवर बसले होते. आम्ही सगळं सांगितलं. मनात भीती होती की आता हे जास्तीचे पैसे मागतील, कायद्याने आम्ही त्यांच्या हातात होतो. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "पैसे मला शहाण्णव सालीच पोचले. घर तुमचंच आहे. तारीख सांगा, मी येतो."

ते आले. काठी टेकत आले, नोंदणीच्या वेळी बोटाचा ठसा दिला, आणि गाडीभाडंही घेईनात. शुल्क, मुद्रांक, नोंदणी, सगळं चुकतं करून २०१८ साली आपाचं घर रीतसर विकलं गेलं. दुल्हाभाईंनी १९९६ साली वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे त्यात गेले. वर्षभरात ते गृहस्थही वारल्याचं कळलं.

आमचं घर त्यांच्या सचोटीवर तरलं. पण असा माणूस प्रत्येकाला भेटेलच असं नाही, आणि कागदाने करायचं काम नशिबावर सोडू नये. तुमच्या कपाटातला पट्टा आज बाहेर काढा. त्यावर नाव कुणाचं आहे आणि वर्षं किती उरलीत, तेवढं पाहून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)