लिनक्स कर्नलमधील कळफलकाची जोडणी : एक विवेचन

प्रस्तावना :
संगणकाला आज्ञा देण्याचे प्रमुख साधन म्हणजे कळफलक होय. कार्यप्रणालीचा गाभा असलेल्या कर्नलमध्ये त्याची जोडणी योग्य रीतीने केलेली नसेल, तर यंत्र चालू असूनही वापरकर्ता हतबल ठरतो. प्रस्तुत लेखात लिनक्सच्या संदर्भात या विषयाचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :
लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या ०.११ या आवृत्तीत फिनिश, अमेरिकन, जर्मन व फ्रेंच यांपैकी एक कळरचना निवडून कर्नल संकलित करावे लागे. पुढे चालू यंत्रातच कळरचना बदलण्याची सोय झाली.

घटकांची निवड :
संकलनापूर्वी बहुतेक चालकांबाबत तीन पर्याय असतात : कर्नलमध्येच अंतर्भूत करणे, स्वतंत्र मॉड्यूल ठेवणे किंवा वगळणे. जुन्या पीएस/२ कळफलकासाठी 'आय८०४२' हा नियंत्रक-चालक व 'एटीकेबीडी' हा कळफलक-चालक आवश्यक असतो. अनेक लॅपटॉपचा अंगभूत कळफलकही याच मार्गाने जोडलेला असतो. यूएसबी कळफलकासाठी होस्ट कंट्रोलर, 'यूएसबी-एचआयडी' आणि 'एचआयडी-जेनेरिक' ही साखळी लागते. यातील एकही दुवा निखळल्यास कळफलक निरुपयोगी होतो.

डिस्क सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद केलेली असल्यास हा प्रश्न गंभीर होतो. परवलीचा शब्द प्रारंभीच विचारला जातो. परंतु चालकांची मॉड्यूल्स त्याच डिस्कवर असतील, तर किल्ली कुलूपबंद पेटीतच राहिल्यासारखी स्थिती होते. म्हणून असे चालक कर्नलमध्ये अंतर्भूत करावेत अथवा प्रारंभिक 'इनिटरॅमएफएस'मध्ये ठेवावेत. बूट-मेनूमध्ये कळफलक चालतो, एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. तेथे तो सामान्यतः फर्मवेअरच्या आधारे चालतो. कर्नलने ताबा घेतल्यानंतर त्याचे स्वतःचे चालकच कामी येतात. नवे कर्नल तपासताना जुने कर्नल बूट-मेनूमध्ये राखून ठेवणे हितावह असते.

कर्नल आणि मराठी :
कर्नलचे चालक अक्षर नव्हे, तर कळेचा क्रमांक कळवतात. रोमन 'के' अक्षराची कळ दाबल्यास ३७ हा क्रमांक पुढे जातो. इंग्रजी कळरचनेत त्याचा 'के' होतो, तर इनस्क्रिप्टमध्ये 'क' होतो. हे रूपांतर चित्रमय पटलावर कर्नलच्या बाहेर घडते. त्यामुळे इंग्रजी टंकन होत असून मराठी होत नसेल, तर दोष कर्नलमध्ये न शोधता कळरचनेच्या मांडणीत शोधावा.

निष्कर्ष :
कळ ओळखणे हे चालकाचे व तिला अक्षराचा अर्थ देणे हे कळरचनेचे कार्य आहे. हा भेद ध्यानी घेतल्यास महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील दोषनिवारण सुकर होते.