माडांपलीकडचे आठ दिवस

रत्नागिरी शहर विषुववृत्ताच्या 17 अंश उत्तरेला आहे आणि कर्कवृत्त तिथून आणखी साडेसहा अंश वर. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे रत्नागिरीकर जन्मापासूनच उष्ण कटिबंधात राहतो. माड, वाळू, खारा वारा, दमट दुपार, ताटात मासे आणि ओल्या नारळाचं वाटण, सगळं त्याच्या दारात आहे. तरीही लग्नाला पंचवीस वर्षं झाली की अनेक घरांत अंदमान, मॉरिशस, मालदीव अशी नावं निघू लागतात. मुलं मुंबई-पुण्यात कमावती झालेली असतात, आईबाबांनी कुठेतरी जावं असं त्यांना मनापासून वाटतं. मग घरातलं कोणीतरी वडीलधारं विचारतं, ‘माड नि समुद्र बघायला एवढ्या लांब?’ हा प्रश्न हसून उडवण्यासारखा नाही. माड आणि समुद्र एवढंच बघायचं असेल तर भाट्याच्या पुलापलीकडे जाण्याचीही गरज नाही. पण माझं म्हणणं असं की रत्नागिरीच्या जोडप्याला बेटावर मिळवायचा असतो तो समुद्र नव्हेच. त्यांना हवा असतो दोघांनी एकत्र काढलेला, कोणी मध्येच न तोडलेला वेळ. या जिल्ह्यात नवराबायकोच्या वाट्याला दुसरं काही आलं असेल नसेल, हा वेळ फार कमी आला आहे. हे मान्य केलं तर कुठे जायचं, कधी जायचं आणि किती दिवस, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बदलतात.

2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. 2001 मध्ये हा आकडा 1136 होता. इथे मुली जास्त जन्मतात असं नाही, इथले पुरुष घरी नसतात. पावसाळ्यातलं एक भाताचं पीक, भावाभावांत वाटत वाटत बारीक झालेले शेताचे तुकडे आणि समोर मुंबईच्या गिरण्या, गोद्या, कचेऱ्या. कापडगिरण्या सुरू झाल्यापासून कोकणातला गडी आगबोटीत बसून मुंबईला गेला आणि गिरणगावातल्या चाळीच्या खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर पथारी टाकून राहिला. बायको गावी सासू-सासरे, गुरं आणि शेत सांभाळत राहिली. घर मनीऑर्डरीवर चाललं. नवरा यायचा तो गणपतीला आणि शिमग्याला, जमलं तर मे महिन्यात. वर्षाला पाच-सहा आठवडे धरले तर पंचवीस वर्षांच्या संसारात दोघांनी एका छपराखाली काढलेला काळ अडीच-तीन वर्षांच्या पुढे जात नाही, आणि तोही पाहुण्यांनी भरलेल्या घरात. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, मुंबई एका रात्रीवर आली, पुष्कळ बायका मुलांसह मुंबईला गेल्या. पण ताटातूट संपली नाही, तिची ठिकाणं बदलली. आज जहाजावरचा खलाशी सहा-सहा, नऊ-नऊ महिने बाहेर असतो. आखाती देशांत गेलेल्यांच्या बायका, विशेषतः इथल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांतल्या, वर्षानुवर्षं फोनवर संसार करतात. अशा जोडप्याने पन्नाशीत आठ दिवस एकत्र मागितले, तर ती चैन आहे असं मला म्हणवत नाही.

जे गावीच राहिले त्यांचं काय, असं कोणी विचारेल. त्यांच्या हिशोबात वेळ आणखी विचित्र रीतीने अडकलेला आहे. आपल्याकडची पुष्कळ लग्नं वैशाखात लागतात, म्हणजे लग्नाचा वाढदिवस एप्रिल-मे महिन्यात येतो. नेमकं तेव्हा हापूसच्या बागायतदाराला जेवायलाही उसंत नसते. मोहोर आल्यापासून फवारण्या, राखण, मग तोडणी, आढी, पेट्या, वाशीला जाणाऱ्या गाड्या. घरातल्या बाईच्या मागे आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी, पापड आणि सुट्टीला आलेलं सगळं गोत. जूनमध्ये पाऊस, पाठोपाठ लावणी, नंतर गणपती. मच्छीमाराचं चक्र निराळं. राज्याच्या सागरी हद्दीत 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि वर्षात तेवढाच काळ तो मोकळा असतो. म्हणून पहिली गोष्ट ही की तारखेचा हट्ट सोडावा. लग्न वैशाखातलं असलं तरी वाढदिवसाचा प्रवास घरच्या कामाच्या फटीत बसवावा, आणि त्या फटीत जे बेट कोरडं असेल ते निवडावं. सहल कंपनीच्या रंगीत कागदावर ही गोष्ट सहसा लिहिलेली नसते, आणि निम्मी सहल तिथेच फसते.

अंदमानात मोसमी वारे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतात, आपल्यापेक्षा दोन-तीन आठवडे आधी. रत्नागिरीसारखाच तिथेही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि तिथे परतीच्या वाऱ्यांसह डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. जानेवारी ते एप्रिल हा तिथला खरा कोरडा काळ. नोकरदार जोडप्याला तो चालेल, आंबेवाल्याला मुळीच नाही. मॉरिशसचं गणित उलटं आहे. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला 20 अंशांवर आहे, त्यामुळे आपला पावसाळा म्हणजे तिथला हिवाळा. जून ते सप्टेंबर हवा थंडावलेली, पाऊस कमी आणि चक्रीवादळांचा हंगाम संपलेला. मासेमारी बंदीत मोकळ्या असलेल्या घराला आणि गणपती विसर्जनानंतर भातकापणीच्या आधी पंधरवडा हाती लागलेल्या बागायतदाराला हे बेट जणू मापाने बेतलेलं आहे. मुंबईहून थेट विमान आहे. लक्षद्वीप शांततेत या सर्वांच्या वर, पण वस्ती असलेली बेटं दहाच, परवाना लागतो आणि राहायच्या खोल्या मोजक्या. मालदीवमध्ये एका बेटावर एकच हॉटेल ही पद्धत 1970 च्या दशकापासून रुजली आहे. तिथे एकांत मिळतो, पण त्यासाठी भरपूर पैसे मोजावे लागतात.

मॉरिशसविषयी थोडं अधिक सांगायला हवं, कारण रत्नागिरीशी त्याचं नातं बहुतेकांना ठाऊक नसतं. ते बेट रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण चौथाई आहे. भूशास्त्रज्ञांचं बहुमान्य मत असं की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानावरून लाव्हा उसळून सह्याद्रीचा काळा कातळ तयार झाला, त्याच स्थानाने पुढे भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेल्यावर लक्षद्वीप-मालदीवच्या तळाची डोंगररांग आणि शेवटी मॉरिशस व रियुनियन घडवलं. म्हणजे तिथला काळा दगड आपल्या दगडाचा धाकटा भाऊ आहे. माणसांचं नातं मात्र फक्त दोनशे वर्षांचं. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून जे गेले त्यांत रत्नागिरीकडची माणसं बरीच होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर मजूर उतरले तो आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसा ठरला. त्यांच्या वंशजांच्या घरी आज बोली क्रिओल असली तरी मराठी तिथल्या शाळांत शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे झाकरी या नावाने नाचली जाते. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, लाटा बाहेरच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं राहतं. कोकणच्या किनाऱ्याला असं कडं नाही. म्हणूनच गणपतीपुळ्याला दरवर्षी माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात आणि समुद्राकाठी जन्म काढलेल्या कितीतरी बायका घोट्याच्या वर पाण्यात गेलेल्या नसतात. अशा बाईला पंचावन्नाव्या वर्षी कमरेएवढ्या निवळशंख पाण्यात नवऱ्याचा हात धरून उभं राहता येतं. एवढ्या एका गोष्टीसाठीही हा प्रवास करावा, असं मी म्हणेन.

अंदमानशी रत्नागिरीचं नातं जास्त कडू आहे. विनायक दामोदर सावरकर 1911 ते 1921 सेल्युलर जेलमध्ये होते आणि 1924 ते 1937 रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध. 1906 साली ते विलायतेला निघाले तेव्हापासून पत्नी यमुनाबाईंशी तुटलेला संसार पुन्हा लागला तो या जिल्ह्यात. त्याच्याही आधी, 1886 साली, इंग्रजांनी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा आणि राणी सुपयालात यांना रत्नागिरीत आणून ठेवलं. राजा 1916 साली इथेच वारला. सरकारने ही ठिकाणं निवडली, कारण भोवती पाणी किंवा घाट आणि कोणालाही सहज येता-जाता येऊ नये अशी त्यांची जागा. तोच तुटलेपणा आज जोडपं स्वखुशीने आठ दिवसांसाठी मागतं. जेलमध्ये उभं राहिल्यावर हा फरक लक्षात यावा. पण अंदमानच्या ठराविक सहलीत नेमका तो तुटलेपणाच हरवतो. पाच रात्री, सहा दिवस, त्यांत श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, मग स्वराज द्वीप, शहीद द्वीप, परत श्रीविजयपुरम. दर दीड दिवसाने सामान बांधा, बोटीची रांग धरा, दुसऱ्या गाडीत बसा. शिवाय तिथे घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो-मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सकाळी दहाला निघालेल्यांचा निम्मा दिवस वाया जातो. रत्नागिरीहून मुंबई, तिथून चेन्नई किंवा कोलकाता असं जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस जातात. म्हणून कमी दिवस असतील तर जाऊच नये, आणि गेल्यावर एकाच बेटावर, एकाच खोलीत पाच-सहा रात्री राहावं, बाकीची ठिकाणं वगळावीत. वगळलेल्या ठिकाणांची हळहळ आठवडाभरात ओसरते.

‘लग्नाचा वाढदिवस ही आपली रीत नाही’ हा आक्षेप हमखास येतो. दिवस साजरा करण्याची पद्धत नवी आहे हे खरं. पण नवराबायकोने जोडीने दूर जाणं मुळीच नवं नाही. जबाबदाऱ्या उरकल्या की काशीला जोडीने जायचं ही जुन्या माणसांची इच्छा असायची. साठीशांतीला बायको शेजारी पाटावर बसतेच, आणि हजला जाणारी जोडपीही याच जिल्ह्यातली. म्हणजे धार्मिक कारण असेल तर जोडीने जाणं रास्त आणि एकमेकांसाठी जायचं तर नखरा, हा भेद मला पटत नाही. खर्चाचा आक्षेप जास्त खरा आहे. कर्ज काढून बेटावर जाणं मूर्खपणाच, आणि ज्याला परवडत नाही त्याने तारकर्लीला किंवा हर्णैला चार दिवस राहिलं तरी हेतू साधतो. अट एकच, गाव इतकं लांब असावं की ‘जरा येऊन जा’ असा फोन आला तर जाणं शक्य नसावं. गावात असलेला माणूस कोणाचा तरी काका, कोणाची तरी वहिनी, वाडीचा गावकर, बचतगटाची अध्यक्ष असतो. स्वतःच्या अंगणात या ओळखी खाली ठेवता येत नाहीत. दारातल्या समुद्राची खरी अडचण ही आहे.

तिसरा आक्षेप बेटांच्या बाजूने आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. छोट्या बेटावर गोडं पाणी थोडं आणि कचरा टाकायला जागा नाही. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तरी प्रवाळ आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकून पांढरं पडतं. अंदमानात 2010 आणि 2016 साली हे घडलं आणि 2024 साली शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची नोंद केली. जुलै 2020 मध्ये मॉरिशसच्या प्रवाळावर वाकाशिओ नावाचं जहाज चढलं आणि तेलाने काठ काळा झाला. आपल्या विमानाचा धूरही त्या तापण्यात भर घालतोच. हे खोडून काढता येणार नाही, कमी मात्र करता येतं. आणि इथेही कमी फिरून जास्त राहणारं जोडपंच कमी इंधन जाळतं, कमी बाटल्या फेकतं. प्रवाळावर पाय ठेवू नये. त्याचा तुकडा उचलून आणणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. प्रवाळ बघून आलेल्या रत्नागिरीकराला घरच्या समुद्राकडेही वेगळं बघता येईल. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी अंग्रिया बँक पाण्याखाली आहे आणि तिच्यावरही प्रवाळ वाढतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आता मुलांना एक विनंती. आईबाबांना तिकिटं काढून देता, हे फार चांगलं करता. पण त्यांच्याबरोबर जाऊ नका, नातवंडंही पाठवू नका, आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर समुद्र दाखवायला सांगू नका. त्याऐवजी आठ दिवस रजा घेऊन गावी या. गुरांना वैरण घाला, आजीच्या औषधांच्या वेळा पाळा, झाडांना पाणी द्या, आणि दाराशी आलेल्या प्रत्येकाला सांगा की ती दोघं पुढच्या सोमवारी येणार आहेत.