गुरांमागे गेलेली शाळा

शहरात आता पोरांना चिखलात खेळवायचे पैसे पडतात. शनिवारी सकाळी बस, गळ्यात ओळखपत्र, एका झाडाला मिठी, दोन किड्यांची नावं आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. बंद फ्लॅटमधल्या मुलाला तेवढंही मिळालं तर वाईट नाही. मात्र अशा शिबिरांच्या माहितीपत्रकांत हमखास असणारं एक वाक्य मला बरीच वर्षं खटकत आलंय: उघड्यावरच्या बालशाळेची कल्पना म्हणे युरोपातून आली. त्या चिडीतूनच भिंतीबाहेरच्या शाळांच्या नोंदी गोळा करायचा नाद लागला आणि तो मला अक्कलकुव्याच्या डोंगरापर्यंत घेऊन गेला.

युरोपचं श्रेय नाकारायचं कारण नाही. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मॅकमिलन भगिनींनी 1914 मध्ये उघड्या हवेतली बालशाळा काढली. कोंदट खोल्यांत आजारी पडणाऱ्या पोरांना ऊन-वारा मिळावा, एवढा साधा हिशेब होता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये एला फ्लाताऊ या बाई आपल्या आणि शेजाऱ्यांच्या मुलांना घेऊन रानात जाऊ लागल्या. जंगलशाळांची गोष्ट सहसा तिथून सुरू करतात. शांतिनिकेतनची झाडाखालची शाळा 1901 ची, ती सगळ्यांना ठाऊक आहे. या सगळ्यांत एक शाळा कुणी मोजत नाही. ती निघाली आपल्या पालघरात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात.

ताराबाई मोडक. जन्म 1892. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून 1923 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, 1936 मध्ये दादरचं शिशुविहार. इथपर्यंतची कहाणी मध्यमवर्गाची आहे आणि तिच्यात एक जुना वाद दडलेला आहे. माँटेसरीचं साहित्य देखणं पण महाग. ते गरिबाच्या पोरापर्यंत पोचणार कसं? 1931 मध्ये लंडनला खुद्द माँटेसरीबाईंसमोर बोलताना गांधीजींनी खेड्यातल्या गरीब मुलांचाच विषय काढला होता. या प्रश्नावर बहुतेकांनी भाषणं केली. ताराबाईंनी 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दादर सोडून बोर्डी गाठली. बरोबर पस्तिशीच्या अनुताई वाघ, बालपणीच विधवा झालेल्या आणि हट्टाने शिकलेल्या.

त्याच वर्षी मे महिन्यात जवळच झरीला वारल्यांची ऐतिहासिक सभा होऊन वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. एका टोकाला त्या लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकर, दुसऱ्या टोकाला चिंचोके मांडून बसलेल्या या दोन बाया. या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात क्वचित येतात, याचं मला नवल वाटतं.

चिंचोके म्हणजे खरोखर चिंचोके. गुळगुळीत रंगीत ठोकळ्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पानं आली. शाळेची सुरुवात मुलांना झोपड्यांतून गोळा करून, अंघोळ घालून, नखं कापून व्हायची. थोरल्या पोरी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन यायच्या, नाहीतर यायच्याच नाहीत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली, ती विकासवाडी. वस्तीतल्या अंगणात भरवलेल्या बालवाडीतून अंगणवाडी निघाली. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा हेच नाव देशभर गेलं.

माझ्या लेखी या सगळ्याहून मोठी गोष्ट कुरणशाळेची. 1950 च्या दशकात मुक्काम कोसबादच्या टेकडीवर हलल्यावरही जरा मोठी पोरं हजेरीत दिसत नव्हती. कारण उघड होतं: ती गुरं चारायला गेलेली असत, त्यावर घर चालत होतं. अशा वेळी सरकारी उत्तर ठरलेलं असतं: पालकांचं प्रबोधन करा. ताराबाई-अनुताईंनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरतात तिथे झाडाखाली गोष्ट, गाणी, मोजणी, अक्षरं. अशा वर्गात एक डोळा धड्यावर आणि एक गाईवर राहणार. गाय दुसऱ्याच्या भातात घुसली की विद्यार्थी उठून पळणार आणि गुरुजींनी वाट बघायची. डेन्मार्कची मुलं रानात गेली ती बालपण मोकळं असावं म्हणून. वारल्यांची मुलं आधीच रानात होती, कामावर होती. उशिरा पोचली ती शाळा.

आता नंदुरबार जिल्ह्यातला अक्कलकुवा. तालुक्याचं गाव सपाटीवर, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं. देवगोईचा घाट चढून मोलगीला गेलं की दुसरा मुलूख लागतो आणि त्याच्याही पलीकडे डोंगर उतरत नर्मदेला भिडतात. मणिबेली, चिमलखेडी ही गावं तिथली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातलं पहिलं गाव गेलं ते मणिबेली. जागतिक बँकेला मोठ्या धरणांचा पैसा थांबवायला सांगणारं 1994 चं आंतरराष्ट्रीय निवेदनही याच गावाच्या नावाने ओळखलं जातं. या नदीकाठी सरकारी शाळा कागदावर आहेत आणि गुरुजी क्वचितच दिसतात, ही नर्मदा बचाव आंदोलनाची जुनी तक्रार. त्यातून 1991-92 च्या सुमारास चिमलखेडी आणि धडगाव तालुक्यातल्या निमगव्हाण इथे पहिल्या जीवनशाळा उभ्या राहिल्या. जागा गावाची, लाकूड-बांबू गावाचा, मेहनत गावाची. सुरुवातीची पुस्तकं पावरी आणि भिलोरी बोलीतली. पाणी चढलं की शाळा उचलून वर न्यायची आणि पुन्हा उभी करायची.

लढाई आणि पढाई बरोबरीने, ही जीवनशाळांची घोषणा. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी धरणाच्या घोषणा मला आजही फारशा रुचत नाहीत आणि आंदोलनातल्या मित्रांशी यावरून माझे खटके उडालेले आहेत. त्यांचं उत्तरही बिनतोड आहे: पाण्याने कुणाचं वय विचारलं होतं? खरं तर आंदोलन वजा करूनही या शाळांत बरंच काही उरतं. झाडं, औषधी मुळ्या, मासे हे पोरांना परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून शिकायचं नसतं; ते घेऊनच ती वर्गात येतात.

आणि दरवर्षीचा बालमेळा. सगळ्या जीवनशाळांची मुलं एका ठिकाणी जमतात: धावणं, कबड्डी, खो-खो, तिरकमठा, नाच, नाटुकली. शहरी शिबिरात आई-बाप मुलाला गेटवर सोडून गाडीत बसतात. इथे गावं मेळ्यात असतात. तिरकमठ्याची स्पर्धा असली की बापालाही तोंड उघडायचा अधिकार असतो, कारण या विषयात तो गुरुजींपेक्षा जास्त शिकलेला असतो.

बाकी तालुक्यात मात्र शाळेचं घड्याळ अजून सपाटीवरचं आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे महू, म्हणजे मोहाची फुलं, टपटपायला लागतात. ऊन चढायच्या आत फुलं वेचली नाहीत तर ती जनावरं खातात, म्हणून घरातलं पाच वर्षांचं पोरही टोपली घेऊन झाडाखाली असतं. वेचताना हलकं-जड, ताजं-शिळं, आपलं झाड-शेजाऱ्याचं झाड हे सगळं त्याला कळत असतं. पुढे वैशाखात आंबे: पडलेल्या कैऱ्या पोरांनी गोळा करायच्या, बायांनी सोलून चिरायच्या, फोडी उन्हात घालायच्या आणि तो आमचूर मोलगीच्या बाजारात न्यायचा. नेमक्या महूच्या दिवसांत वार्षिक परीक्षेची तयारी चालू असते आणि हजेरीपटावर लाल रेघा पडतात. त्या रेघांचं निदान 'पालकांची उदासीनता' असं लिहिलं जातं.

ताराबाईंनी असं काही लिहिलं नसतं. त्या पहाटे महूच्या झाडाखाली जाऊन बसल्या असत्या आणि टोपलीतल्या फुलांवरच शंभरपर्यंत मोजणी घेतली असती. तेवढं नाही जमलं तरी हंगामाच्या त्या आठवड्यांत शाळा उन्हं चढल्यावर भरवता येईल. अंगणवाडीची ताई बहुतेक वेळा त्याच गावातली असते. महू कधी पडतो, हे तिला कुणी सांगायला नको.