हद्दीपलीकडची शाळा

तापी आणि पूर्णा यांच्या संगमाच्या आश्रयाने वसलेल्या आमच्या मुक्ताईनगरातून दोन रस्ते दोन निराळ्या राज्यांच्या कारभाराकडे जातात. एक पश्चिमेस वरणगाव, भुसावळ मागे टाकीत जळगावास पोचतो, आणि दुसरा पूर्णाड फाट्यावरून उत्तरेस वळून इच्छापूरमार्गे बुऱ्हाणपुरास जाऊन भिडतो. अंतराचाच हिशेब मांडला तर स्वतःच्या जिल्ह्याच्या ठाण्यापेक्षा परराज्यातले हे शहर जवळ पडते. आणि दोन्ही अंगांस त्याच केळीच्या बागा, तीच काळी जमीन आणि तोच जीव काढणारा उन्हाळा असल्यामुळे, पाट्यांवरील लिपीही एकच असल्यामुळे, हद्द नेमकी कोठे ओलांडली हे मोटारीत बसलेल्या माणसास चटकन उमगतही नाही. ती हद्द पुढे दहाबारा वर्षांनी, मुलाच्या प्रवेशअर्जाच्या छाननीत उमगते, आणि या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

ज्या घरांतला कर्ता मुलगा दुबई, मस्कत अथवा दोहा येथे नोकरीस गेला आहे आणि ज्यांतली सूनबाई दोन वर्षे तेथे, एक वर्ष येथे अशा येरझारा घालते आहे, त्या घरांत नातवंडांच्या शाळेचा प्रश्न केव्हातरी उभा राहतोच. आखातातील शाळांचे शुल्क परवडेनासे झाले, किंवा आठवी-नववीनंतर कोचिंगची वेळ आली, की आजीआजोबांच्या नजरेच्या टप्प्यात मुलाला होस्टेलला ठेवावे असे ठरते, आणि मग ओसरीवर वाद सुरू होतो: जळगाव की बुऱ्हाणपूर? परदेशस्थ कुटुंबे सिंगापूर आणि हाँगकाँग यांची तुलना करतात तशीच ही तुलना असते. फक्त तिच्यात विमानाऐवजी एसटीचा हिशेब असतो आणि निर्णय बहुधा आजोबांचा असतो.

वृद्धांच्या मनात बुऱ्हाणपूर परके नाही, याला इतिहासाचा आधार आहे. फारुकी सुलतानांचे खानदेश ज्या शहरातून चालले ते हेच; अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतल्यावर मोगलांच्या सुभ्याचे ठाणेही येथेच राहिले, आणि मुमताजमहलचा अंत 1631 मध्ये याच शहरात झाला. इंग्रजी अमलात खानदेश मुंबई इलाख्यात आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रांतांच्या निमाड जिल्ह्यात गेले, 1906 मध्ये खानदेशचेच पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, आणि मुलखाची जुनी राजधानी मुलखाबाहेर राहिली ती कायमचीच. बाजारपेठेत आजही मराठी चालते, सोयरिकी होतात, केळीचा व्यापार हद्द जुमानीत नाही. तेव्हा शाळेनेच ती का जुमानावी, असा प्रश्न कोणी केला तर तो निर्बुद्ध म्हणता येणार नाही.

शाळांच्या गुणवत्तेविषयी मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याविषयी प्रत्येक पालकास पुरेसे मत असतेच. बुऱ्हाणपुरात मॅक्रो व्हिजन अकॅडमी ही सीबीएसईशी संलग्न निवासी शाळा आहे, आणि आमच्या बाजूची मुले तेथे जातात. जळगावात भवरलाल जैन यांच्या प्रेरणेने 2007 मध्ये निघालेली अनुभूती ही निवासी शाळा आयसीएसईच्या परिषदेची आहे. शिवाय शहरात सीबीएसईच्या शाळा आहेत, आणि राज्य मंडळाच्या जुन्या, नावाजलेल्या मराठी शाळाही आहेत, ज्यांची नावे आखातातून आलेल्या चिरंजीवांस आता आठवत नाहीत, मग ते स्वतः तेथेच का शिकलेले असेनात. फाटकावर 'इंटरनॅशनल' लिहिलेले असले तरी संलग्नता कोणत्या मंडळाची आहे एवढेच दफ्तरी विचारले जाते. जिनेव्हाच्या आयबीची किंवा केंब्रिजची परीक्षा हवी असेल तर आपल्या या पट्ट्यात न शोधता पुण्या-मुंबईकडे जावे हे उत्तम. भव्य वसतिगृह, तरणतलाव आणि घोडेस्वारी यांनी दिपून जाणाऱ्या पालकांस, ज्या तालुक्यात चौदाशे वर्षांच्या योग्याने, चांगदेवाने, कोवळ्या मुक्ताईला गुरू केल्याची कथा सांगतात तेथे तरी वयाची आणि थाटाची प्रौढी कमी असावी, असे सांगावेसे वाटते. पण तो माझा हट्ट झाला.

मुद्दा आहे तो दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रावर कोणत्या राज्यातील शाळेचे नाव येते हा. घरातून डॉक्टर व्हावा ही इच्छा आमच्या भागात फार प्रबळ आहे, आणि 2018 मध्ये जळगावास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून ती अधिकच घराजवळ आली आहे. सरकारी महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, त्या सर्वांस खुल्या असतात. उरलेल्या 85 टक्के राज्याच्या. या राज्य-जागांसाठी महाराष्ट्राचा सर्वसाधारण नियम असा आहे की उमेदवार येथील अधिवासी असून दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा त्याने महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण केलेल्या असाव्यात. बदलीच्या सरकारी नोकरांच्या मुलांसारखे मोजके अपवाद आहेत, ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शोधावेत. पण आपल्याच केळीच्या मळ्याला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात बारावी केली एवढ्यावरून मुलगा या जागांबाहेर पडू शकतो. आणि मध्य प्रदेशाच्या जागांसाठी तेथील अधिवास लागतो, तो मुक्ताईनगरच्या सातबाऱ्यावर कसा मिळणार? तेल गेले, तूप गेले, अशी गत होते. कर्नाटक सीमाभागातील मराठी मुलांकरिता महाराष्ट्राने प्रवेशांत सवलत ठेवली आहे. बुऱ्हाणपूरच्या मराठी मुलांसाठी मात्र तशी तजवीज नाही, कारण या हद्दीविषयी दोन राज्यांत तंटाच नाही. तंटा असता तर बरे झाले असते, असे म्हणण्याची पाळी यावी!

अभियांत्रिकीत परिस्थिती सौम्य आहे. राज्याच्या सीईटीतून होणाऱ्या प्रवेशांत, बारावी बाहेर झाली असली तरी उमेदवाराकडे किंवा त्याच्या आईवडिलांकडे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असल्यास त्यास महाराष्ट्राचाच समजतात. आयआयटींना तर राज्याचे भानच नाही. परंतु एनआयटींत निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात, आणि तेथे गृहराज्य ठरते ते बारावी जेथे उत्तीर्ण केली त्यावरून. म्हणजे बुऱ्हाणपुरात बारावी केलेल्या आमच्या मुलाचे हक्काचे महाविद्यालय नागपूरचे व्हीएनआयटी उरत नाही, भोपाळचे मॅनिट होते. हे नुकसान नव्हे, अदलाबदल आहे. पण ती जाणूनबुजून केलेली असावी. याच्याही पुढची गंमत अशी की ज्याने बारावी दुबईत केली त्या भारतीय नागरिकाचे गृहराज्य पारपत्रावरील कायम पत्त्यावरून धरतात; म्हणजे समुद्रापलीकडचा नातू कागदोपत्री मुक्ताईनगरचाच राहतो, आणि एसटीने तासा-दीड तासात भेटून येता येईल असा त्याचा चुलतभाऊ परप्रांतीय ठरतो. आखातातून मुलाला 'घराजवळ' आणण्याची घाई करणाऱ्या पालकांनी ही विसंगती मनात घोळवावी.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि तिच्याविषयी माझे मन तटस्थ नाही. महाराष्ट्राने 2020 मध्ये कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठीचे अध्यापन टप्प्याटप्प्याने अनिवार्य केले. जळगावातील सीबीएसईच्या शाळेसही तो लागू आहे. हद्दीपलीकडे साहजिकच हिंदी. आखातात अरबी आणि इंग्रजीच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलास आजीचे लेवाबोलीतले बोलणे कळते, पण तिचे पत्र वाचता येत नाही, अशी अवस्था बहुतेक घरांत आहेच. बुऱ्हाणपुरास ठेवल्याने ती सुधारत नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते आणि भाषा अवघी येत होती. त्यांच्याच मुलखातील या मुलांना लिहिता-वाचता सारे येईल, फक्त ती भाषा सोडून. आरंभीच्या काही तुकड्यांना मराठीत गुणांऐवजी श्रेणीची सवलत देऊन शासनाने स्वतःच्याच कायद्याची धार थोडी बोथट केली, हेही नोंदवले पाहिजे.

शुल्काच्या बाबतीत दोन्ही राज्यांनी कायदे केले आहेत, महाराष्ट्राने 2011 मध्ये, मध्य प्रदेशाने 2017 मध्ये. पण कायद्यावर विसंबण्याऐवजी मेस, गणवेश आणि कोचिंग यांची रक्कम शुल्कात धरली आहे की नाही हे प्रवेशापूर्वी लेखी मागून घ्यावे.

या वादात भुसावळचे नाव कोणी काढीत नाही, याचे मला नवल वाटते. आयुधनिर्माणीच्या वसाहतीतील केंद्रीय विद्यालय बदलीच्या नोकरदारांकरिता आहे हे खरे. परंतु साकेगावचे जवाहर नवोदय विद्यालय जिल्ह्यातील ग्रामीण मुलांस सहावीपासून निवासासह मोफत शिक्षण देते. मात्र त्याच्या परीक्षेस बसण्यासाठी मूल पाचवीत याच जिल्ह्यातील शाळेत शिकत असले पाहिजे. म्हणजे चौथीनंतर बुऱ्हाणपुरास पाठविलेल्या मुलाला हेही दार बंद.

माझ्यापुरता निर्णय असा. बुऱ्हाणपूरची शाळा आवडली असेल, मामा-मावशी तेथे असतील, तर आठवीपर्यंत खुशाल ठेवावे. डॉक्टरकीचा विचार असेल तर नववीला मूल जळगावात असावे, कारण सीबीएसई दहावीची नोंदणी नववीतच करून घेते आणि थेट दहावीत प्रवेश सहजासहजी मिळत नाही. केवळ आयआयटीचे ध्येय असेल तर हद्दीचा विचार सोडून द्यावा. मंडळ बदलत असल्यास शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, आणि ती बुऱ्हाणपूरच्या कचेरीतून घ्यावी लागते. आठवीचा निकाल मार्चअखेर लागतो आणि राज्य मंडळाची शाळा जूनच्या मध्यास उघडते, तेव्हा आजोबांनी उन्हाची तमा न बाळगता एप्रिलातच अर्ज करावा.