दिवे गच्चीवर, डोकं तळमजल्यावर

यंदाच्या हॉस्टेल गणपतीची लायटिंग तुम्ही सर्वांनी पाहिली. "काय भारी झालीय!" असं म्हणालातसुद्धा. पण स्थापनेच्या आदल्या रात्री साडेअकराला गच्चीवर काय तमाशा चालला होता, ते आम्हा पाच जणांनाच ठाऊक. त्या तमाशात मी एका सेकंड इयरच्या पोराला उगाच झापलं. हा लेख म्हणजे त्याची थोडीशी भरपाई, आणि पुढच्या वर्षी लायटिंग करणाऱ्यांसाठी आमच्या चुकांची शिदोरी.

झालं असं. गच्चीच्या कठड्यावर दहा मीटर पिक्सेल एल.ई.डी.ची पट्टी लावायची होती. डब्ल्यू.एस. २८१२बी जातीची, मीटरला ३० दिवे, म्हणजे एकूण ३०० दिवे. प्रत्येक दिव्यात छोटी चिप असते, त्यामुळे प्रत्येकाचा रंग वेगळा ठेवता येतो. पाऊस आणि पोरांची ये-जा यांच्या भीतीने आर्डुइनो तळमजल्यावरच्या कॉमन रूममध्ये ठेवला. ३०० दिवे पूर्ण पांढरे लागले तर प्रत्येकी ६० मिलिअँपियरने १८ अँपियर होतात. एवढा करंट पाच व्होल्टवर खालून वर नेला तर वायरमध्येच निम्मा जीव जाईल. म्हणून पॉवर सप्लाय गच्चीवर, डबाबंद करून. खालून वर आणली ती फक्त डेटाची आणि ग्राउंडची वायर, ३५ मीटर.

रूममध्ये टेबलावर सगळं झकास चाललं होतं. गच्चीवर जोडलं आणि इंद्रधनुष्याऐवजी शिमगा सुरू झाला! मधेच हिरवा, मधेच पांढरा, अर्धी पट्टी बंद. मी म्हणालो, "सोल्डरिंग कच्चं आहे. साधे जॉइंट करता येत नाहीत का रे?" तो बिचारा म्हणाला, "दादा, मी प्रत्येक जॉइंट मल्टीमीटरने चेक केलाय." मी ऐकतोय कुठे! वर्गणीचे पैसे संपलेले, सकाळी रेक्टर सर आरतीला येणार, आणि जॉइंट त्यानेच केलेले. दोषी सापडला होता.

त्याने वाद घातला नाही. खाली गेला, आर्डुइनो उचलून गच्चीवर आणला आणि एक मीटरच्या वायरने पट्टीला जोडला. तेच जॉइंट, तीच पट्टी, तोच प्रोग्रॅम. आणि सगळे दिवे शहाण्यासारखे लागले. दोष त्याचा नव्हता, मधल्या ३५ मीटरचा होता.

वायर म्हणजे नुसती वायर नव्हे

या पट्टीला डेटाची एकच वायर असते. 'शून्य' पाठवायचा तर सुमारे ०.४ मायक्रोसेकंद व्होल्टेज वर ठेवायचं, 'एक' पाठवायचा तर सुमारे ०.८. एका बिटला एकूण १.२५ मायक्रोसेकंद. पहिला दिवा पहिले २४ बिट स्वतःकडे ठेवतो आणि उरलेले नव्याने घासूनपुसून पुढच्याला देतो. म्हणून पट्टी कितीही लांब असली तरी डेटा टिकतो. पण आर्डुइनो ते पहिला दिवा या टप्प्यात घासूनपुसून देणारं कोणी नाही. आणि तिथे एक बिट जास्तीचा घुसला की मागचे सगळे रंग सरकतात.

आता गंमत बघा. केबलमधून सिग्नल मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. ३५ मीटरला १७५. टोकाला तो आपटतो आणि मागे फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर येतो तसा प्रतिध्वनी. जाऊन-येऊन ३५० नॅनोसेकंद. आपला 'शून्य' किती लांब? ४००! म्हणजे पहिली हाक संपायच्या आतच तिचा प्रतिध्वनी तिच्यावर येऊन बसतो. एक मीटरच्या वायरला हेच फक्त १० नॅनोसेकंद, कोणाच्या खिजगणतीतही नाही. टेबलावर चाललं आणि गच्चीवर नाही, त्याचं मुख्य कारण हे. शिवाय चिपला 'वर' समजायला साडेतीन व्होल्ट लागतात, आणि लांब ग्राउंडच्या वायरवर पॉवर सप्लायचा गोंगाट बसला की तेवढी ऐसपैस जागाही उरत नाही.

दोन वायरींची युक्ती

उपाय जुनाच आहे. आर.एस. ४८५ हे स्टँडर्ड १९८३ सालचं. यात एकच सिग्नल दोन वायरींवर पाठवतात, एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. समोरची चिप फक्त दोघींमधला फरक बघते आणि तिला ०.२ व्होल्टचा फरकसुद्धा पुरतो. एस.टी.च्या मागच्या सीटवर बसलेले दोघे आठवा. खड्डा आला की दोघेही उडतात, पण दोघांच्या उंचीतला फरक तेवढाच राहतो. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून नेल्या की गोंगाट दोघींवर सारखाच बसतो आणि फरकात वजा होतो.

आमच्याकडे लॅनची कॅट-फाइव्ह केबल होती, पीळ घातलेल्या चार जोड्यांची. एक जोडी डेटाला, एक ग्राउंडला. दोन्ही टोकांना मॅक्स ४८५ चिपचं छोटं मॉड्यूल. मायक्रोप्रोसेसर लॅबच्या सरांनी रात्री बाराला फोन उचलून कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगितलं, हे त्यांचे उपकार. खालच्या टोकाला डी.ई. आणि आर.ई. या दोन्ही पिना पाच व्होल्टला (फक्त बोल), वरच्या टोकाला दोन्ही ग्राउंडला (फक्त ऐक). वरच्या चिपचं आउटपुट थेट पट्टीच्या डेटा पिनेला, वीतभर वायरने.

आणि प्रतिध्वनी? केबलचा स्वभाव सुमारे १०० ओहमचा. दूरच्या टोकाला दोन वायरींमध्ये तेवढाच रेझिस्टर लावला की सिग्नल तिथेच जिरतो, मागे फिरत नाही. मॉड्यूलवर बहुधा १२० ओहमचा आधीच असतो, तोही चालतो. आधी बघा, मग लावा.

पहिल्यांदा काहीच लागलं नाही, कारण मी ए आणि बी वायरी उलट जोडल्या होत्या. या वेळी मला कोणी झापलं नाही, हे नोंदवून ठेवतो. अदलाबदल केली आणि दीड वाजता गच्ची उजळली.

गेटपर्यंत काय?

गेटची कमान ९० मीटरवर. तिथे मात्र आम्ही डेटा पाठवलाच नाही. कमानीवर दुसरा आर्डुइनो बसवला, सगळे पॅटर्न त्यातच भरले आणि खालून आर.एस. ४८५ वर ९६०० बॉडने फक्त निरोप पाठवला: "आता तीन नंबर सुरू कर." इथे एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा आणि ९० मीटरचा प्रतिध्वनी जेमतेम ०.९ मायक्रोसेकंदांचा. हत्तीच्या पाठीवर माशी! गॅदरिंगच्या स्टेजवरचे दिवेही याच वाटेने चालतात. त्यांची डी.एम.एक्स. ५१२ पद्धत १९८६ ची, आर.एस. ४८५ वरच, २५० किलोबिट वेगाने.

सूत्र एवढंच: घाईचं काम दिव्याजवळ करा, लांब फक्त निरोप धाडा.

आणखी एक. पट्टी पाच व्होल्टची असली तरी तिचा सप्लाय २३० व्होल्टवर चालतो, आणि भाद्रपदात पाऊस असतोच. इलेक्ट्रिशियन काकांनी अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा ब्रेकर बसवल्याशिवाय गच्चीवर लाइन द्यायला साफ नकार दिला. आम्ही कुरकुरलो. काका बरोबर होते.

राहिलं ते एकच. बिघाड दिसला की आपण आधी माणूस शोधतो. त्या पोराने माणूस शोधला नाही, वायर बदलून बघितली. पुढच्या वर्षी लायटिंगची जबाबदारी त्याच्याकडे आहे. जॉइंट पक्के असतील, खात्री बाळगा.

गणपती बाप्पा मोरया!