विंडोज ११ चालत नाही म्हणून जुना डेस्कटॉप भंगारात काढताय? आधी हे तपासा



घरातल्या किंवा दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर "या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही" असा मेसेज येतोय? मग लगेच नवीन पीसीचे भाव बघायला जाऊ नका. हा मेसेज दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो. एक तर पीसी खरंच जुना असतो. नाहीतर पीसी ठणठणीत असतो, फक्त एक सेटिंग बंद असतं. सेटिंगचा प्रश्न असेल तर एक रुपयाही लागत नाही.

सपोर्ट संपला म्हणजे नक्की काय झालं?

विंडोज १० आलं २०१५ मध्ये आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. म्हणून पीसी बंद पडत नाही. जुन्या फोनला सिक्युरिटी अपडेट यायचे थांबले तरी फोन चालूच राहतो, तसंच हे आहे. पण यानंतर विंडोजमध्ये सापडणाऱ्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत आणि हॅकर नेमके अशाच त्रुटी शोधत असतात. पीसीवर फक्त गाणी ऐकत असाल तर गोष्ट वेगळी. त्याच पीसीवर बाबा नेट बँकिंग करत असतील किंवा दुकानाचा हिशोब असेल, तर विषय गंभीर आहे.

विंडोज ११ ला काय लागतं?

४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि ६४ बिटचा प्रोसेसर. इथपर्यंत बहुतेक पीसी पास होतात. गाडी अडते ती पुढच्या तीन गोष्टींवर:

१. प्रोसेसरची जनरेशन: इंटेलचा साधारण ८व्या जनरेशनपासून पुढचा, किंवा एएमडी रायझन २००० मालिकेपासून पुढचा (यातले काही मॉडेल यादीत नाहीत). इंटेल कोअरची जनरेशन नंबरवरूनच कळते. आय५-८४०० म्हणजे आठवी, आय५-७४०० म्हणजे सातवी.

२. टीपीएम २.०: पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बाकी सिस्टीमपासून वेगळ्या जपून ठेवणारी ही तिजोरी. यासाठी वेगळी चिप विकत घ्यावीच लागते असं नाही. ८व्या जनरेशनच्या प्रोसेसरमध्ये ही सोय आतच असते.

३. युईएफआय आणि सिक्युअर बूट: पीसी सुरू होताना मधेच दुसरा कुठला प्रोग्राम घुसत नाही ना, हे तपासणारी व्यवस्था.

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप चालवा. ते 'नाही' म्हणालं तर कशामुळे, तेही सांगतं. हे कारण नीट वाचा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे.

कारण टीपीएम किंवा सिक्युअर बूट असेल तर

२०१८ ते २०२० च्या आसपासच्या असेंबल केलेल्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद असतं. माझ्या ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्यांना असाच आय५-८४०० चा पीसी "आता बदलावाच लागेल" असं सांगण्यात आलं होतं. बायोसमध्ये एक पर्याय सुरू केला आणि त्याच पीसीवर विंडोज ११ चढलं.

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ बटण दाबून बायोसमध्ये जा. इंटेलमध्ये हा पर्याय 'पीटीटी' नावाने आणि एएमडीमध्ये 'एफटीपीएम' नावाने असतो. तो सुरू करा, सेव्ह करा, बाहेर या.

पण थांबा, दोन सूचना आधी वाचा. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर स्वतःचाच डेटा उघडणार नाही. आणि विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीने टाकलेलं असेल तर थेट युईएफआय करू नका. ते केलं तर पीसी विंडोजपर्यंत पोचणारच नाही. आधी डिस्क एमबीआरमधून जीपीटीमध्ये बदलावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच 'एमबीआर२जीपीटी' हे टूल आहे. काहीही करण्याआधी फोटो आणि फाईल्सचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी कशावर?

एसएसडीवर! साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो आणि प्रत्येक छोट्या फाईलसाठी तिला योग्य जागा समोर येण्याची वाट बघावी लागते. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाईल्स वाचल्या जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून ही वाट बघणं जवळजवळ संपतं. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक जुन्या कॅबिनेटमध्ये बसते.

त्यानंतर रॅम. कागदावर ४ जीबी पुरते, पण क्रोमचे दहा टॅब उघडले की धाप लागते. ८ जीबी करा. फक्त जुनी रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४, ते बघूनच घ्या. एकाची खाच दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

मात्र प्रोसेसरच यादीत नसेल, तर एसएसडी आणि रॅम टाकून विंडोज ११ 'सपोर्टेड' होणार नाही. पीसी वेगवान होईल, एवढंच. दुकानदाराला हा प्रश्न आधी विचारा, पैसे नंतर द्या.

प्रोसेसरच जुना असेल तर?

यूट्यूबवर तपासणी चुकवून विंडोज ११ टाकायचे व्हिडिओ ढीगभर आहेत. ते चालतंही, पण अशा पीसीला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या अपडेटसाठी हा सगळा खटाटोप, त्याचीच खात्री नसेल तर उपयोग काय? त्यापेक्षा दोन सरळ रस्ते आहेत:

वेळ विकत घ्या: विंडोज १० साठी 'ईएसयू' ही योजना आहे. त्यात १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. घरगुती पीसीसाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर पैसे लागत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर हा पर्याय दिसतो.

लिनक्स मिंट टाका: हे मोफत आहे आणि ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालतं. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता आधी वापरून बघता येतं. इंटरनेट, यूट्यूब, युनिकोड मराठी टायपिंग, लिब्रे ऑफिस, सगळं होतं. पण टॅली किंवा श्री-लिपीवर काम चालत असेल तर हा रस्ता तुमचा नाही, कारण ती सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत.

थोडक्यात क्रम लक्षात ठेवा: आधी तपासणी, मग बॅकअप, मग बायोस, आणि पैसे सगळ्यात शेवटी. तुमच्या पीसीला पीसी हेल्थ चेक काय कारण देतंय, ते प्रोसेसरच्या नंबरसह कमेंटमध्ये लिहा. कोणता रस्ता बरा, ते मिळून बघू.