मोठ्या माणसांना शिकवायचं कसं? मायक्रोपिपेटने मला शिकवलेला धडा

पीएच.डी.ला प्रवेश घेतला की आपण फक्त विद्यार्थी राहत नाही, हे आधी कुणी सांगत नाही. वर्ष-दीड वर्षात एक दिवस गाईड म्हणतात, "पुढच्या शुक्रवारी त्या टेक्निशियन मंडळींचं ट्रेनिंग तू घेऊन टाक." समोर बसलेली माणसं वयाने आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षं मोठी असतात. त्यातल्या काहींनी आपण शाळेत असताना हातात पिपेट धरलेलं असतं. तुमच्यावरही ही वेळ येणार आहे, म्हणून माझा अनुभव आणि त्यानंतर मी वाचलेलं संशोधन इथे मांडते.

माझं पहिलं ट्रेनिंग मायक्रोपिपेटच्या अचूक वापरावर होतं. एका प्रयोगशाळेतले बारा जण आले होते. मी 64 स्लाइड्स केल्या होत्या. पिपेटच्या आत हवेचा स्तंभ कसा काम करतो इथपासून सगळं त्यात होतं. मध्ये दोन विनोद पेरले, एक व्हिडिओ दाखवला. शेवटी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले आणि जवळजवळ सगळ्यांनी 'उत्तम'वर खूण केली. मी खूश!

तीन आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे आकडे पाहिले, तर एकाच नमुन्याच्या तीन मोजण्यांमधला फरक होता तेवढाच होता. तिथल्या सगळ्यात ज्येष्ठ टेक्निशियनना सगळे काका म्हणतात. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोललात छान. पण आमचा हात काय करतोय, ते कुठे बघितलंत?"

हे वाक्य लागलं, कारण ते खरं होतं. मी मला काय येतं ते दाखवत होते. त्यांना काय येतं, काय येत नाही, हे मी विचारलंच नव्हतं.

'उत्तम' म्हणजे शिकले असं नाही

प्रशिक्षणाचं मूल्यमापन कसं करायचं, याची एक जुनी मांडणी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959च्या सुमारास केली. त्यात चार पायऱ्या आहेत: प्रशिक्षण आवडलं का, त्यातून काही शिकले का, कामाची पद्धत बदलली का, आणि शेवटी कामाचे परिणाम सुधारले का. माझा फॉर्म फक्त पहिली पायरी मोजत होता. मला हवी होती तिसरी आणि चौथी.

आवडणं आणि शिकणं यांच्यात किती अंतर असू शकतं, हे 2019 साली हार्वर्डमध्ये झालेल्या एका प्रयोगातून नीट दिसतं. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी एक विषय उत्तम, ओघवत्या व्याख्यानातून ऐकला. बाकीच्यांनी तोच विषय गटात बसून, स्वतः उदाहरणं सोडवत शिकला. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल केली. चाचणीत स्वतः सोडवणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. पण 'किती शिकलो असं वाटतं?' या प्रश्नाला मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांनी वरचे आकडे दिले. कारण सोपं आहे. चांगलं व्याख्यान ऐकताना सगळं सरळ वाटतं. स्वतः करताना अडखळायला होतं, आणि ते अडखळणं आपल्याला 'येत नाहीये' असं वाटतं.

स्मरणाबद्दलही असंच आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं: दोनदा वाचणारे 42 टक्क्यांवर आणि आठवून लिहिणारे 56 टक्क्यांवर. म्हणजे सत्र संपल्या संपल्या विचारलेला प्रश्न आपल्याला फसवू शकतो.

इथे एक सावधगिरी बाळगा. हे दोन्ही प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेत, वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसांवर नाही. त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलून 'कर्मचाऱ्यांचंही असंच होतं' असं लिहू नका. दिशा घ्या आणि आपल्या ठिकाणी तपासून बघा. संशोधन वाचायची सवय हीच.

प्रौढ शिकणारा वेगळा असतो का?

प्रौढांच्या शिक्षणाबद्दल वाचायला लागलात की 'अँड्रॅगॉजी' हा शब्द लगेच भेटेल. तो 1833 साली अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने वापरला होता. पण तो जगभर पोचवला अमेरिकेतल्या माल्कम नोल्स यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोठ्या माणसाला 'हे मी का शिकू?' याचं उत्तर आधी हवं असतं, त्याच्याकडे अनुभवाची शिदोरी असते, आणि त्याला विषयापेक्षा समोरची अडचण सोडवण्यात रस असतो.

गंमत म्हणजे नोल्स यांच्या 1970च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात प्रौढांचं शिक्षण 'विरुद्ध' मुलांचं शिक्षण अशी मांडणी होती. 1980च्या आवृत्तीत तिथे एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची भाषा आली. म्हणजे ही भिंत नसून चढण आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. आपल्या सिद्धांताची धार आपणच कमी करणं सोपं नसतं.

दुसऱ्यांदा मी काय केलं

दोन महिन्यांनी मी पुन्हा वेळ मागून घेतली. या वेळी स्लाइड्स चार. सोबत पिपेट, पाणी आणि बॅलन्स.

सुरुवातीला कुणालाच काही सांगितलं नाही. "प्रत्येकाने 100 मायक्रोलिटर पाणी दहा वेळा घ्या, बॅलन्सवर सोडा आणि वजनं लिहा," एवढंच. 100 मायक्रोलिटर पाण्याचं वजन जवळपास 100 मिलिग्रॅम भरायला हवं. काहींचे आकडे 98 ते 101च्या आत होते. दोघांचे सतत 110च्या वर. "हे असं का होत असेल?" एवढं विचारून मी गप्प बसले. ही शांतता फार जड जाते, तोंड उघडायचा मोह होतो. पण उत्तर त्यांच्यातूनच आलं. पाणी ओढून घेताना बटण पहिल्या थांब्याऐवजी दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं जात होतं, म्हणून जास्त पाणी येत होतं. ही चूक मी स्लाइड क्रमांक 23वर लाल अक्षरांत लिहिली होती!

मग काकांनी दाखवलं आणि बाकीच्यांनी केलं. करताना प्रत्येकाने 'मी आता काय करतोय आणि का' हे मोठ्याने सांगायचं. ही युक्ती माझी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये नवे कामगार घाईने तयार करायचे होते. तिथल्या प्रशिक्षणात चार टप्पे असायचे: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून बोलत-बोलत करून घेणं आणि नंतर जाऊन बघणं. माझ्या पहिल्या सत्रात यातला फक्त दुसरा टप्पा होता, तोही अर्धाच.

आठवड्याने मी वीस मिनिटांसाठी पुन्हा गेले. तेच दहा थेंब, तेच बॅलन्स. आधीचा कागद शेजारी ठेवला. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या दोघांपैकी एकाचे आकडे आत आले होते. दुसऱ्यांचे अजून थोडे वर होते आणि ते स्वतःच म्हणाले, "अंगठ्याची जुनी सवय आहे, वेळ लागेल." मला हे उत्तर 64 स्लाइड्सपेक्षा मोलाचं वाटलं.

तुमची पाळी येईल तेव्हा

आधी जाऊन काम बघा. किमान एक तास, वही घेऊन, न बोलता. सत्राची सुरुवात व्याख्येने नको, त्यांच्या रोजच्या अडचणीने करा. पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या हाताला काम द्या आणि त्यातून असा आकडा निघू द्या जो त्यांना स्वतःला दिसेल. चूक दाखवायची तर माणसाकडे बोट नको, आकड्याकडे असू द्या. वयाने मोठ्या माणसाची चूक चारचौघांत काढली की पुढचा तास गेलाच म्हणून समजा. ज्यांना येतं त्यांना शिकवायला लावा. आणि पुन्हा जायची तारीख पहिल्याच दिवशी ठरवा.

विनोद सांगायला हरकत नाही, मीही सांगते. पण लोक हसले म्हणून सत्र रंगलं असं आता मी समजत नाही. त्या दिवशी वर्गात सगळ्यात रंगलेला क्षण कोणता होता सांगू? बारा जण एका बॅलन्सभोवती वाकून शेवटचा आकडा स्थिर व्हायची वाट बघत होते, आणि माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.